म्हातारचळ, माकडं आणि लंडनच्या बसचे जिने

मराठीत 'म्हातारचळ' असा एक फार दुष्ट शब्द आहे. म्हाताऱ्या माणसाला इच्छा होते हाच त्याचा रोग, असं निदान त्या एका शब्दात करून टाकलेलं आहे. देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आलं, त्यातला भुजंगनाथ म्हणजे या शब्दाचा चालताबोलता नमुना. नातीच्या वयाच्या पोरीशी बोहल्यावर उभं राहायला निघालेल्या थेरड्याला लोक हसले, त्याच्यावर चिडले, ते बरोबरच होतं. पण त्या हसण्यात दुसरा एक म्हातारा कायमचा अडगळीत गेला. स्वतःच्याच साठीतल्या बायकोवर प्रेम असलेला, सरळमार्गी, पेन्शनीत निघालेला माणूस. त्याच्यासाठी आपल्या भाषेत धड शब्द नाही. त्याच्यासाठी आहेत त्या रेल्वेरुळांच्या कडेच्या भिंतींवर रंगवलेल्या, हकीमसाहेबांच्या पत्त्यासकट असणाऱ्या जाहिराती.

गेले तीन-चार वीकेंड मी याच माणसाचा इतिहास वाचतोय. म्हणजे वय वाढतं तसं पुरुषाच्या कामजीवनाचं काय होतं, आणि ते 'दुरुस्त' करायला गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत शहाण्यासुरत्या लोकांनी काय काय उद्योग केले. (ऑफिसात कुणी विचारलं तर मी 'वैद्यकाचा इतिहास' वाचतोय असं सांगतो. ते खोटं नाही.) आता तुम्ही म्हणाल, इथे वाचणारे आपण सगळे तिशीतले, आपला काय संबंध? संबंध आहे. एक तर प्रत्येकाच्या घरी वडील, काका, सासरे आहेत. आणि दुसरं म्हणजे आपण दिवसाचे दहा तास खुर्चीत बसतो. त्या खुर्चीचा या विषयाशी काय संबंध, हे पुढे येईलच.

तर १ जून १८८९. पॅरिसमध्ये जीवशास्त्र्यांच्या एका प्रतिष्ठित संस्थेची सभा भरलीय. बोलायला उभे राहतात ७२ वर्षांचे प्राध्यापक शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार. माणूस साधासुधा नव्हे. जन्म मॉरिशसचा, मज्जारज्जूवर मोठं काम, एका मज्जाविकाराला आजही त्यांचंच नाव आहे. त्यांनी सभेला सांगितलं की कुत्र्याच्या आणि गिनिपिगच्या वृषणांचा अर्क काढून मी स्वतःला टोचून घेतला, आणि मी पुन्हा तरुण झालो. प्रयोगशाळेत तासन् तास उभा राहू शकतो, जिना जवळजवळ धावत चढतो. मनगटाचा जोर त्यांनी यंत्राने मोजला होता, तो वाढला होता. आणि लघवीची धार किती लांब जाते तेही मोजलं होतं, तीसुद्धा वाढली होती! हे शेवटचं वाचून मी बराच वेळ हसत होतो. पण नंतर वाटलं, बाबा रे, या माणसाने निदान मोजलं तरी. आधी किती, नंतर किती, आकडे घेऊन उभा राहिला. आपल्याकडच्या भिंतीवरच्या हकीमसाहेबांनी कधी काही मोजल्याचं ऐकिवात नाही.

अडचण एवढीच की प्रयोगातला माणूस एकच होता आणि तोच प्रयोग करणाराही होता. शिवाय त्या अर्कात जवळजवळ काही नव्हतंच. वृषणं टेस्टोस्टेरॉन तयार करतात, पण त्याचा साठा करून ठेवत नाहीत, आणि ते पाण्यात फारसं विरघळत नाही. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या काही डॉक्टरांनी ब्राउन-सेकारांच्या कृतीबरहुकूम तो अर्क पुन्हा काढून तपासला. त्यात निघालेलं टेस्टोस्टेरॉन शरीरावर परिणाम व्हायला पुरेल इतकं नव्हतंच. म्हणजे प्राध्यापकसाहेब जिना धावत चढले ते निव्वळ विश्वासाच्या बळावर.

पण पुडी सुटली ती सुटलीच. १८९६ साली ऑस्ट्रियात ऑस्कर झोट आणि फ्रिट्झ प्रेगल या दोघांनी बैलाच्या वृषणांचा अर्क टोचून घेतला आणि मधल्या बोटाने वजन उचलण्याचा सराव करत ताकद मोजली. ताकद वाढली. त्यांनी श्रेयाचा मोठा वाटा दिला अर्काला आणि हे खेळाडूंवर करून बघायला हवं अशी सूचनाही केली. (प्रेगल यांना पुढे १९२३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण ते वेगळ्याच कामासाठी.) मला इथे फार गंमत वाटते. खरं औषध त्यांच्या हातातच होतं, अगदी शब्दशः. रोज वजन उचललं की बोट तयार होतं, हे आमच्या कोल्हापुरातल्या कुठल्याही तालमीतल्या पोराने सांगितलं असतं. पण सगळं जग त्यावेळी ग्रंथींच्या मागे लागलं होतं. आमच्या धंद्यात असं नेहमी होतं. बग एका मॉड्यूलमध्ये असतो आणि सगळी टीम दुसरंच मॉड्यूल उकरत बसते, कारण त्या मॉड्यूलचं नाव भारदस्त असतं.

पुढची चाळीस वर्षं म्हणजे निव्वळ धमाल. व्हिएन्नाच्या ऑयगेन श्टाइनाख यांचं म्हणणं असं की वीर्यवाहिनी बांधून टाकली की वृषणं आपली सगळी शक्ती हॉर्मोन बनवण्याकडे वळवतील आणि माणूस तरुण होईल. १९१८ पासून ही शस्त्रक्रिया माणसांवर व्हायला लागली. १९२३ साली खुद्द सिग्मंड फ्रॉइडनी करून घेतली. कवी यीट्स यांनी १९३४ साली, वयाच्या ६८व्या वर्षी लंडनमध्ये करून घेतली, आणि नंतरच्या चार-पाच वर्षांत भरभरून लिहिलं. आज आपण या शस्त्रक्रियेला सरळ नसबंदी म्हणू, किंवा एकच बाजू बांधली असेल तर अर्धी नसबंदी. आता यातला विनोद बघा. युरोपातले पैसेवाले पुरुष मर्दानगी परत मिळावी म्हणून पैसे मोजून जे करून घेत होते, त्याच शस्त्रक्रियेला घाबरून १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत आपल्याकडचे पुरुष शेतात लपून बसले. का, तर मर्दानगी जाईल म्हणून. खरं म्हणजे तिने मर्दानगी येतही नाही आणि जातही नाही.

सर्ज व्होरोनॉफ यांच्यावर तर एक अख्खा लेख होईल. १९२० साली पॅरिसमध्ये त्यांनी माकडाच्या वृषणांच्या पातळ चकत्या माणसाच्या अंगात शिवायला सुरुवात केली आणि दहाएक वर्षं ते जगप्रसिद्ध होते. नंतर ते तितक्याच जोरात विस्मरणात गेले. १९३५ साली टेस्टोस्टेरॉन शुद्ध स्वरूपात वेगळं झालं, त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयारही करता आलं, आणि बुटेनांट आणि रुझिच्का यांना १९३९चं नोबेल मिळालं. माकडांनी सुटकेचा निःश्वास सोडला असेल. पण मूळ कल्पना तशीच राहिली: म्हातारपणी कमी पडतो तो एक रस, तो बाहेरून भरला की झालं.

आपल्याकडे हा 'रस' कधीच परका नव्हता. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक. वाजी म्हणजे घोडा, पुढचं सांगायला नको. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिला अध्याय रसायनाचा आणि दुसरा लगेच वाजीकरणाचा. च्यवनप्राशाच्या बाटलीवर नाव असलेले च्यवन ऋषीही म्हातारपणी पुन्हा तरुण होऊन संसार करणारेच. आणि ययाती तर आपल्याला खांडेकरांमुळे घरचाच वाटतो, त्याने मुलाकडूनच तारुण्य उसनं मागितलं. गंमत म्हणजे चरकसंहितेत व्यायामावरही चांगलं लिहिलेलं आहे. अंग हलकं होतं, काम करायची ताकद येते, पण अति करू नका, असं सगळं. पण ते सूत्रस्थानात, वेगळ्या कप्प्यात. व्यायाम आणि कामजीवन यांची गाठ घातली ती नंतर तालमीने, आणि तीही उलटी.

उलटी म्हणजे कशी? तालमीतलं तत्त्वज्ञान सांगतं की वीर्य हाच शरीराचा सगळा ठेवा. जोर-बैठका काढायच्या, लाल मातीत घाम गाळायचा, लंगोट घट्ट बांधायचा, ते हा ठेवा गळू नये म्हणून. व्यायाम हा इच्छेचा लगाम. त्यामुळे पोराचं लग्न झालं की वस्ताद त्याच्यावर पाणी सोडणार आणि पोरगाही तालीम सोडणार. चाळिशीनंतर मैदानात उतरणं म्हणजे तर हसू करून घेणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या महाराष्ट्रात व्यायामाची जी मोठी लाट आली, त्यात मध्यमवयीन माणसाला फारशी जागा नव्हती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हा सन्माननीय अपवाद. सूर्यनमस्कार त्यांनी स्वतः घातले, घरच्यांकडून, संस्थानातल्या शाळांकडून घालून घेतले, म्हातारपणातही सोडले नाहीत. १९३८ साली त्यांच्या पद्धतीवरचं पुस्तक लंडनमध्ये इंग्रजीत निघालं. पण राजेसाहेब निरोगी दीर्घायुष्याबद्दल बोलत होते. शयनगृहाचा विषय त्या सभ्य चौकटीत बसणारा नव्हता.

तो विषय उघडपणे बोलणारा माणूस मुंबईत एकटाच होता, रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षींचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार आणि नोकरी एकत्र चालेना, तेव्हा १९२५ साली विल्सन कॉलेजातली नोकरी सोडली. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. वीर्यनाशाने माणूस खंगतो या समजुतीवर त्यांनी वर्षानुवर्षं घाव घातले. ब्रह्मचर्याने आरोग्य वाढतं याला पुरावा काय, असं ते सरळ विचारायचे. गणिताचा माणूस, पुराव्याशिवाय बोलणार नाही. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं छापली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, १९३४ साली तो चालवला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले. ज्यांनी अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' (२००१) पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. माझ्या मते महाराष्ट्राने या माणसाशी जेवढा कोतेपणा केला तेवढा क्वचितच कुणाशी केला असेल. असो.

आता येतो तो खरा नायक, आणि त्याचा या विषयाशी काही संबंध आहे हे त्याला स्वतःलाही तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या वाढत होती आणि कारण कळत नव्हतं. जेरी मॉरिस या डॉक्टरने एक साधीच युक्ती केली. लंडनच्या दुमजली बसमध्ये दोन माणसं असतात, ड्रायव्हर आणि कंडक्टर. दोघं एकाच वर्गातले, एकाच बसमध्ये, त्याच धुक्यात, त्याच रस्त्यावर. फरक एकच: ड्रायव्हर दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर तिकिटं फाडत खाली-वर. मॉरिसच्या लोकांनी बसमध्ये बसून पायऱ्या मोजल्या. कंडक्टर कामाच्या एका दिवसात ५०० ते ७५० पायऱ्या चढत होता. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांची नोंद त्यांनी तपासली. कंडक्टरना हृदयविकार कमी होत होता, झाला तर उशिरा आणि सौम्य, आणि त्यातून लगेच मरण येण्याचं प्रमाण ड्रायव्हरच्या निम्म्याच्या आसपास. १९५३ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पोस्टमन आणि टेबलावर बसणारे कारकून यांच्यातही तेच दिसलं.

लोकांनी अर्थातच शंका काढली, आणि शंका रास्त होती. मुळात लठ्ठ माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिसने यावर काय केलं, तर कंपनीने शिवून दिलेल्या गणवेशाच्या पँटींची मापं मागवली! ड्रायव्हरच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या. पण सडपातळ ड्रायव्हर आणि सडपातळ कंडक्टर, जाडा ड्रायव्हर आणि जाडा कंडक्टर अशी तुलना केली तरी कंडक्टरच सरस. कमरेचं माप शिंप्याच्या वहीतून काढणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात दंडवत घातला. उपलब्ध लॉगमधून काम करणं म्हणजे हेच. मुंबईत १९३७ पासून दुमजली बस होत्या, त्यांचे कंडक्टर, त्यांचे जिने. आपल्याकडे कुणाला बेस्टच्या शिंप्याची वही मागावीशी वाटली असती तर?

तर १९५३ मध्ये कळलं की पायऱ्या हृदयाला वाचवतात. त्याचा लिंगाच्या ताठरतेशी संबंध जोडायला मात्र पुढे तीस वर्षं लागली. कारण त्या काळात 'नपुंसकत्व' हा सगळा मनाचा खेळ मानला जायचा. डॉक्टर खांद्यावर हात ठेवून सांगणार, काळजी करू नका, विश्रांती घ्या, सगळं डोक्यात असतं. साठीतल्या मधुमेही माणसाला 'सगळं डोक्यात आहे' सांगणं म्हणजे त्याच्या डोक्याला आणखी एक काळजी.

हा समज फुटला तो १९८३ साली, लास व्हेगासमध्ये, अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत. वक्ते होते ब्रिटनचे जाइल्स ब्रिंडली. हे गृहस्थ अंध लोकांसाठी मेंदूत विद्युत यंत्र बसवण्याच्या प्रयोगांचे आद्य संशोधक, आणि फावल्या वेळात त्यांनी एक इलेक्ट्रॉनिक बसून वाद्यसुद्धा बनवलं होतं. म्हणजे आपल्यातलाच माणूस. संध्याकाळचं भाषण, त्यामुळे बरेच डॉक्टर सपत्नीक आलेले. ब्रिंडली आले ढगळ ट्रॅकसूट घालून. विषय असा की लिंगात रक्तवाहिन्या सैल करणारं औषध टोचलं तर मनात काही नसतानाही ताठरता येते. मी हॉटेलच्या खोलीतून निघताना टोचून आलोय, असं सांगून त्यांनी व्यासपीठावरच पँट उतरवली आणि शहानिशा करता यावी म्हणून श्रोत्यांकडे चालायला लागले. पुढच्या रांगेतल्या बायका किंचाळल्या. भाषण तिथेच आवरतं घ्यावं लागलं. पण मुद्दा सिद्ध झाला होता. भाषण देणं हा काही कामोत्तेजक अनुभव नव्हे. तरीही औषधाने काम केलं, म्हणजे प्रश्न रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंचा आहे. साध्या भाषेत, नळकामाचा.

यानंतर धागे भराभर जुळले. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, त्याने भिंतीतला स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते आणि रक्त भरतं. हृदयात हेच, लिंगात हेच. १९९८चं वैद्यकाचं नोबेल या शोधाला मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत व्हायग्राला मान्यता मिळाली. ती मुळात छातीच्या दुखण्यासाठी तपासली जात होती, हृदयासाठी तिने फारसं काही केलं नाही, पण चाचणीतल्या पुरुषांनी एक वेगळाच परिणाम कळवला. हा किस्सा सगळ्यांना ठाऊक असतो. त्यातला अर्थ मात्र लोक विसरतात: हृदय आणि लिंग यांचं नळकाम एकच आहे.

आणि त्यातही एक गोम आहे. हृदयाच्या धमनीचा व्यास साधारण ३ ते ४ मिलीमीटर, लिंगाच्या धमनीचा १ ते २. अस्तर बिघडायला लागलं, आत चरबी साठायला लागली, तर आधी कुठली नळी तक्रार करेल? अर्थातच बारीक. इटलीत मॉन्टोर्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली छातीत दुखतंय म्हणून आलेल्या ३०० हृदयरोग्यांना विचारलं. जवळपास निम्म्यांना ताठरतेची अडचण होती, आणि त्यातल्या दोनतृतीयांश लोकांना ती हृदयाचं दुखणं कळण्याच्या आधीपासून होती. सरासरी तीन वर्षांहून जास्त आधी!

तीन वर्षं हो. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टम कोसळण्याच्या तीन वर्षं आधीपासून लॉगमध्ये वॉर्निंग येत होती, आणि प्रत्येकाने ती लाजेखातर दडपून टाकली. भिंतीवरच्या हकीमसाहेबांवर माझा खरा राग आहे तो इथे. त्यांच्या पुड्यांनी काही होत नाही हे एक वेळ चालेल. पण ज्या माणसाची साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल त्याच आठवड्यात तपासायला हवं होतं, तो माणूस 'मर्दाना कमजोरी'वर शिलाजित खात तीन वर्षं घालवतो.

मग व्यायामाने ही बारीक नळी सुधारते का? तर्काने सुधारायला हवी. रक्त जोरात वाहिलं की ते अस्तराला घासतं, आणि त्या घासण्याने अस्तर जास्त नायट्रिक ऑक्साइड बनवायला शिकतं. पण तर्क ब्राउन-सेकारांकडेही होता, म्हणून आकडे बघू. मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या पुरुषांची १९८७ पासून पाहणी झाली. त्यात ५२ टक्क्यांना कमी-अधिक अडचण होती. त्याच लोकांना काही वर्षांनी पुन्हा गाठल्यावर जे निघालं ते २००० साली प्रसिद्ध झालं आणि मला ते फार बोलकं वाटतं. मध्यमवयात सिगारेट सोडणं किंवा वजन उतरवणं, यांचा ताठरतेवर स्पष्ट फायदा दिसला नाही, बहुधा उशीर झाला होता. पण मध्यमवयात व्यायाम सुरू करणाऱ्यांना मात्र फायदा दिसला. दिवसाला २०० कॅलरी जाळणारी हालचाल, म्हणजे तीनेक किलोमीटर भरभर चालणं, एवढ्याची ती गोष्ट. (सिगारेट सोडू नका असा याचा अर्थ नाही, बाकीची शंभर कारणं आहेत.) २००३ साली अमेरिकेतल्या ५३ ते ९० वयाच्या ३१,००० हून जास्त पुरुषांच्या पाहणीत भरपूर व्यायाम करणाऱ्यांना धोका सुमारे ३० टक्के कमी दिसला.

अशा पाहण्यांमध्ये ड्रायव्हर-कंडक्टरवालीच शंका राहते: धडधाकट असतात म्हणून चालतात की चालतात म्हणून धडधाकट? त्यासाठी चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात. तेही झालं. २०२३ साली अशा ११ चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या, त्यात हजारावर पुरुष होते. आठवड्यातून तीन ते पाच वेळा, अर्धा ते एक तास चालणं, पळणं, सायकल अशा दमसासाच्या व्यायामाने ताठरता सुधारली, आणि ज्यांची अडचण जास्त त्यांना फायदा जास्त. परिणाम दिसायला महिने लागतात, गोळीसारखा तासाभरात नाही. त्यामुळे जाहिरात करायला कुणी पुढे येत नाही. भरभर चालण्यात कुणाचं मार्जिन आहे?

टेस्टोस्टेरॉनचं काय, असं कुणीतरी विचारणारच. ज्यांचं खरोखर कमी आहे त्यांना ते दिल्याने इच्छा माफक वाढते, हे २०१६ साली पासष्टीपुढच्या ७९० पुरुषांवरच्या चाचणीत दिसलं. पण तपासणीशिवाय जिममधल्या मित्राच्या सल्ल्याने घेणं हा शुद्ध वेडेपणा. बाहेरून मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं.

सायकलवाल्या मित्रांसाठी एक उपटिप्पणी. अमेरिकेत २००८ साली सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना पुढचं नाक नसलेल्या सीट देऊन पाहिल्या, तर सहा महिन्यांत त्या भागाचा बधिरपणा बराच कमी झाला. सायकल सोडायची गरज नाही. बधिर वाटलं तर सीट बदला.

आणि आता ज्याबद्दल मला मुळात लिहायचं होतं ते. हृदयविकाराचा झटका येऊन गेला, बायपास झाली, की आपल्याकडची जोडपी गुपचूप वेगवेगळ्या खोल्यांत झोपायला लागतात. कुणी सांगितलेलं नसतं, कुणी विचारलेलंही नसतं. त्याला वाटतं मरेन, तिला वाटतं माझ्यामुळे मरेल. अमेरिकेत १९९६ साली हा धोकाही मोजला गेला. समागमानंतरच्या दोन तासांत झटक्याची शक्यता साधारण अडीच पट होते खरी, पण निरोगी माणसात मुळात ती ताशी दहा लाखात एक असते, ती होते दहा लाखात दोन-अडीच. आणि नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये तर ही वाढ जवळपास नाहीशी होते. ज्याची तब्येत स्थिरावली आहे अशा हृदयरोग्याला डॉक्टर म्हणूनच एक साधी कसोटी सांगतात: न थांबता, छातीत न दुखता, दोन मजले भरभर चढता येतात का? येत असतील तर समागमाला लागणारा दम तुमच्यात आहे. (छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी चालू असेल तर मात्र व्हायग्राच्या वाटेला चुकूनही जाऊ नये, दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक खाली जातो.)

आमच्या ओळखीतल्या एका काकांची बायपास झाली तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. दीड वर्ष हा प्रश्न त्यांनी पोटात ठेवला. शेवटी काकूच तपासणीच्या वेळी केबिनमध्ये मागे थांबल्या, दार लोटून घेतलं आणि सरळ विचारलं. डॉक्टर तरुण होता, आपल्याच वयाचा, तोच आधी गोरामोरा झाला. मग त्याने ती दोन मजल्यांची कसोटी सांगितली आणि काकांना विचारलं, तुम्हाला जिने चढवतात का?

काका म्हणाले, "अहो, आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. आणि लिफ्ट गणपतीपासून बंद आहे."